व्यावसायिक स्त्रियांचे क्लब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत माझी सीएची प्रॅक्टिस आहे आणि गेली चौदा वर्षं मी व्यावसायिक स्त्रियांच्या एका क्लबची सभासद आहे. दोनदा खजिनदार, एकदा कार्यवाह, एकदा अध्यक्ष झाले. नव्या मैत्रिणी फोनवर, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत जे विचारतात त्याची उत्तरं तोंडी देत आले. आता ती एकदा नीट लिहून ठेवते.

हे महिला मंडळच ना? नाव तेवढं इंग्रजी.

महिला मंडळाबद्दल मला मनापासून आदर आहे. माझी आई आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिली ती मंडळाच्या कार्यक्रमातच. पण मंडळ गल्लीचं, सोसायटीचं असतं. तुम्ही तिथे राहता म्हणून त्यात असता. क्लबात तुम्ही येता ते तुमच्या कामामुळे. आमच्याकडे नवी सभासद उभी राहून आधी नाव सांगते, मग काम, आणि मग त्या कामात सध्या काय अडलंय ते. सासर-माहेर कुणी विचारत नाही. तिला सांगावंसं वाटलं तर चहाच्या वेळी सांगते.

सोरोप्टिमिस्ट, झोंटा, बीपीडब्ल्यू, इनर व्हील... हे सगळं एकच का?

ही सगळी बायकांच्या आंतरराष्ट्रीय क्लबांची नावं. एकच नाही, पण एकाच काळातून आलेलं आहे. पहिलं महायुद्ध संपलं होतं. युद्धात पुरुष आघाडीवर गेले तेव्हा बायकांनी कचेऱ्या, कारखाने, दवाखाने चालवले होते आणि आता त्यांना परत स्वयंपाकघरात जायचं नव्हतं. पुरुषांचे क्लब त्यांना दारात उभं करत नव्हते. मग त्यांनी आपले काढले.

झोंटाची सुरुवात १९१९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात झाली. त्यामागे मॅरियन डी फॉरेस्ट नावाच्या पत्रकार आणि नाटककार बाई होत्या. नाव लकोटा या मूळ अमेरिकी लोकांच्या भाषेतून घेतलं. अर्थ 'प्रामाणिक, विश्वासू'. वैमानिक अमेलिया इअरहार्ट झोंटाची सभासद होती. १९३७ मध्ये ती विमानासह पॅसिफिकवर नाहीशी झाली आणि पुढच्याच वर्षी, १९३८ पासून, तिच्या नावाने विमान आणि अवकाश क्षेत्रात संशोधन करणाऱ्या स्त्रियांना शिष्यवृत्ती सुरू झाली. ती आजही मिळते. मैत्रीण गेल्यावर हार घातलेला फोटो लावणं सोपं असतं. तिच्यामागून आकाशात जाऊ पाहणाऱ्या मुलींची फी भरणं, हे मला फार मोठं वाटतं.

बीपीडब्ल्यू म्हणजे बिझनेस अँड प्रोफेशनल विमेन. तिची आंतरराष्ट्रीय संघटना १९३० मध्ये जिनिव्हात झाली. केंटकीच्या वकील लेना मॅडेसिन फिलिप्स त्यामागे होत्या. समान कामाला समान वेतन हा त्यांचा जुना विषय. इनर व्हील मँचेस्टरला १९२४ मध्ये सुरू झालं, रोटरी या तेव्हा फक्त पुरुषांच्या असलेल्या क्लबच्या सभासदांच्या घरच्या बायकांचं. पण ते काढणाऱ्या मार्गारेट गोल्डिंग स्वतः परिचारिका होत्या आणि स्वतःचा व्यवसाय चालवत होत्या. आपल्याकडे इनर व्हील तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलं आहे, तुमच्या ओळखीत कुणीतरी नक्की असेल.

सोरोप्टिमिस्ट हा शब्द तोंडात बसत नाही. अर्थ काय?

लॅटिनमधलं 'सोरोर' म्हणजे बहीण आणि 'ऑप्टिमा' म्हणजे उत्तम. स्त्रियांसाठी जे उत्तम ते, असा अर्थ त्या संस्थेत लावतात. चार वेळा म्हटलं की बसतो.

त्याची सुरुवात कशी झाली?

ही गोष्ट मी नव्या सभासदांना मुद्दाम सांगते. रोटरी १९०५ मध्ये शिकागोला सुरू झाली होती आणि प्रत्येक व्यवसायातला एक माणूस घ्यायचा असा तिचा मूळ नियम होता. माणूस म्हणजे पुरुष, हे लिहिण्याचीही गरज वाटत नसे. स्टुअर्ट मॉरो नावाचे गृहस्थ असे क्लब उभे करण्याचं काम करत. आयर्लंडमधल्या रोटरीच्या पहिल्या क्लबांमागे तेच होते. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये त्यांच्या लक्षात आलं की इथे व्यवसाय चालवणाऱ्या बायकाही भरपूर आहेत. ३ ऑक्टोबर १९२१ ला ऐंशी स्त्रियांच्या पहिल्या सोरोप्टिमिस्ट क्लबला सनद मिळाली. पहिल्या अध्यक्ष व्हायोलेट रिचर्डसन, शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या. आणि या ऐंशी जणींनी पहिलं काम कोणतं हाती घेतलं असेल? कॅलिफोर्नियातली शेकडो वर्षांची रेडवूडची झाडं तोडली जात होती, ती वाचवण्याचं. बायकांचा क्लब म्हणजे विणकाम आणि पाककृती, असं समजणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

तीन वर्षांत ही कल्पना पॅरिसला गेली. तिथे डॉ. सुझान नोएल यांनी १९२४ मध्ये क्लब काढला. त्या शल्यचिकित्सक होत्या आणि महायुद्धात चेहरे विद्रूप झालेल्या सैनिकांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या होत्या. त्या वेळी फ्रान्समध्ये बायकांना मतदानाचा हक्क नव्हता. तो मिळायला १९४४ उजाडलं. स्वतःला मत नसलेली बाई देशोदेशी हिंडून बायकांचे क्लब उभे करत होती! आज शंभराहून अधिक देशांत सोरोप्टिमिस्ट क्लब आहेत, महाराष्ट्रातही आहेत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेत या संघटनेला सल्लागार संस्थेचा दर्जा आहे.

रोटरीचं काय झालं म्हणाल, तर कॅलिफोर्नियातल्याच डुआर्टे गावच्या क्लबने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना सभासद करून घेतलं म्हणून त्याची सनद काढून घेण्यात आली. प्रकरण कोर्टात गेलं आणि मे १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला. आता रोटरीत कितीतरी स्त्रिया अध्यक्ष होतात. मग बायकांचे वेगळे क्लब कशाला, हाही प्रश्न येतो. त्याचं उत्तर खाली, नेतृत्वाच्या प्रश्नात.

हे सगळं परदेशातलं. आपल्या मातीत असं काही नव्हतंच का?

होतं, आणि या क्लबांच्या आधी होतं. आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या त्या कुणाच्या भरवशावर? न्यू जर्सीत राहणाऱ्या थिओडिशिया कारपेंटर या बाईंच्या. दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलेल्या असताना त्यांनी एका मासिकात आनंदीबाईंच्या शिक्षणाबद्दलचं पत्र वाचलं आणि घरी जाऊन उत्तर लिहिलं. तिथून पत्रं सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला पदवीदान झालं तेव्हा पंडिता रमाबाई मुद्दाम समुद्र ओलांडून हजर होत्या. पुढच्याच वर्षी आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी कारपेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या आहेत. भगिनीभाव हा शब्द कुणी पुस्तकी म्हटला की मला हे आठवतं.

पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज काढला होता. नंतर अमेरिकेत त्या गावोगाव बोलल्या, तिथल्या बायकांनी मंडळं स्थापून दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं आणि त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनाने, १९०९ पासून, बायकांना शिक्षिका आणि परिचारिका होण्याचं शिक्षण दिलं. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशनही जानेवारी १९२७ मध्ये पुण्यातच भरलं, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली. तेव्हा परक्याचं उसनं आणलं असं वाटायचं कारण नाही.

सभासद कोण होऊ शकतं? मी डॉक्टर-वकील नाही, डबे करते.

किती डबे? कामाला माणसं आहेत? उधारी किती अडकली आहे? हे ज्या बाईला तोंडपाठ आहे ती व्यावसायिक आहे. आमच्या क्लबात भूलतज्ज्ञ आहेत, बेदाण्याचा व्यापार करणाऱ्या आहेत, ब्युटी पार्लरवाल्या, हायस्कूलच्या मुख्याध्यापिका, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवणाऱ्या आहेत. निवृत्त झालेल्याही चालतात. नियम संस्थेगणिक थोडे वेगळे असतात. बहुतेक ठिकाणी एखाद्या जुन्या सभासदाने नाव सुचवावं लागतं, आधी दोन-तीन बैठकांना पाहुणी म्हणून यावं लागतं.

एका व्यवसायातल्या फार जणी घेत नाहीत, असं ऐकलं. का?

जुन्या काळी एका व्यवसायातली एकच, असा कडक नियम असे. आता तो सैल झाला आहे, पण आम्ही त्यातला जीव सोडलेला नाही. एक प्रसंग सांगते.

एका बाईंचे पती हृदयविकाराने गेले होते. दोन मुलं, धुण्याभांड्याची कामं. त्यांना तीन महिन्यांचं धान्य द्यावं असा ठराव बैठकीत आला. सगळ्या हो म्हणणार इतक्यात बँकेत अधिकारी असलेल्या आमच्या मैत्रिणीने विचारलं, "त्यांच्या नवऱ्याचं पासबुक बघितलंय का कुणी?" कुणीच बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः त्यांच्या घरी गेली. पासबुकात मे महिन्यात ४३६ रुपये वजा झाल्याची नोंद होती. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा तो वार्षिक हप्ता! म्हणजे वारसाला दोन लाख रुपये. नवऱ्याने कधीतरी बँकेत सही केली असेल, घरी सांगायचं राहिलं असेल. कागद गोळा करायला वकील मैत्रीण बरोबर गेली, मृत्यूचा दाखला महापालिकेतून आणायला मी गेले. पैसे आले. धान्यही दिलंच आम्ही.

त्या बैठकीत आम्ही बाराही सीए असतो तर बारा जणींनी धान्याचा हिशेब अचूक मांडला असता, आणि पासबुक पेटीतच राहिलं असतं.

नेतृत्व म्हणजे तुम्ही नक्की काय शिकवता? भाषणं?

भाषणं होतात, पण त्यातून कुणी नेतृत्व शिकल्याचं मला माहीत नाही. शिकणं होतं ते पदावर. पदं दरवर्षी बदलतात, हा आमचा सगळ्यात मोलाचा नियम. पहिल्या वर्षी तुम्हाला इतिवृत्त लिहायला देतात. वाटतं, यात काय? पण दहा जणी एकदम बोलत असताना ठरलं काय हे चार ओळींत लिहिता येणं आणि पुढच्या बैठकीत "हे ठरलं नव्हतं" असं म्हणणाऱ्या ज्येष्ठ बाईंना नम्रपणे ती ओळ वाचून दाखवणं, याला धैर्य लागतं. मग खजिनदार: वर्गणी मागायला लाज वाटते ती जाते. मग कार्यवाह: जिल्हा परिषदेत, शाळेत, पोलीस ठाण्यात पत्र घेऊन जाऊन पोच घेतल्याशिवाय परतायचं नाही. अध्यक्षपद शेवटी येतं आणि तोवर ते अवघड उरलेलं नसतं.

आणि आता वेगळ्या क्लबांचा प्रश्न. मिश्र संस्थेत मी काम केलं आहे. तिथे नाव घेऊन कुणी अडवलं नाही. पण स्वागताचं ताट, रांगोळी, सूत्रसंचालन माझ्याकडे आणि बँकेतल्या सह्या दुसऱ्यांकडे, असं चार वर्षं चाललं. मी सीए असूनही. बायकांच्याच क्लबात सही करायलाही बाईच लागते, ट्रकमधून खुर्च्या उतरवून घ्यायलाही बाईच लागते.

याचा बाहेर उपयोग होतो. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांवर किमान एक स्त्री संचालक असणं बंधनकारक केलं. खुर्च्या आहेत. त्या खुर्चीत बसून इतिवृत्तावर डोळे मिटून सही न करणारी बाई घडायला मात्र वेळ लागतो आणि तो सराव कुठेतरी, चुका माफ होतील अशा जागी, व्हावा लागतो.

सेवा म्हणजे वह्यावाटप, साड्यावाटप का?

वह्या आम्हीही वाटतो, त्यात वाईट काही नाही. पण माझं मत स्पष्ट आहे: बाजारात मिळतं ते देण्यापेक्षा तुमच्या शिक्षणातून आलेलं द्या. वही कुणीही आणेल.

उदाहरणं देते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सांगतो की दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी आणि त्या समितीत एक सदस्य बाहेरची हवी, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली. लहान गावात अशी व्यक्ती मिळत नाही म्हणून समित्या कागदावर राहतात. आमच्या तिघी आता अशा समित्यांवर जातात. त्याआधी दोघी वकिलांनी आम्हाला सहा शनिवार कायदा शिकवला, कलमागून कलम. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते, कारण पटण्याजोगं असेल तर समिती मुदत वाढवू शकते. आणि दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी, घरकामाच्या बायकांसाठीसुद्धा, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. हे आम्ही जिथे जातो तिथे सांगतो.

दुसरं, जे मला स्वतःला चाळिशीत कळलं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, दूरध्वनी १५१०० आहे. "वकिलाला द्यायला पैसे नाहीत" म्हणून मार खात राहिलेल्या किती जणींना हे वाक्य कुणी सांगितलंच नसेल. ते सांगणं हीसुद्धा सेवा आहे, आणि तिला पैसा लागत नाही.

शिष्यवृत्त्या असतात का?

असतात. अमेरिका खंडातल्या सोरोप्टिमिस्टांची एक योजना मला फार आवडते. ती मुलींसाठी नसून ज्या बाईवर घर चालतं आणि जिला शिक्षण पुरं करायचं आहे तिच्यासाठी आहे. पैसे फीला, पुस्तकांना, पाळणाघराला, येण्याजाण्याला, कशालाही वापरता येतात. आम्ही त्यावरून धडा घेतला. आमची छोटी मदत आता बसच्या पासालाही चालते. नर्सिंग सोडायची वेळ आलेली एक मुलगी केवळ पासामुळे टिकली.

वर्गणी किती? आणि पैशाचा हिशेब कोण बघतं?

वर्गणी क्लबागणिक वेगळी. आंतरराष्ट्रीय संघटनेशी जोडलेला क्लब असेल तर तिचा काही भाग वर जातो, ते आधीच विचारून घ्या.

हिशेबाबाबत मी कडक आहे, माझा धंदाच तो. कोणत्याही संस्थेत जाण्याआधी चार गोष्टी विचारा. नोंदणी आहे का? महाराष्ट्रात ती बहुधा धर्मादाय आयुक्त कार्यालयात असते. दरवर्षी लेखापरीक्षण होतं का? नवी कार्यकारिणी आली की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची नोंद, तिथे दाखल होतो का? (कागदावर वर्षानुवर्षं जुनेच विश्वस्त राहिलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. मग बँकेचं खातं गोठतं आणि सगळं काम ठप्प.) आणि देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, ८०जी म्हणून ओळखली जाणारी पावती मिळते का? रोख दोन हजारांवर दिलेत तर त्यावर करसवलत मिळत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय.

एक सावधगिरी. परदेशातल्या मैत्रीण-क्लबने प्रेमाने पैसे पाठवतो म्हटलं तरी परकीय देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक डॉलरही घ्यायचा नाही. नोंदणी असेल तरी तो पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. अमेरिकेतल्या मराठी मैत्रिणींना हे समजावताना वाईट वाटतं, पण समजावावंच लागतं.

भांडणं होतात का?

होतात. एकदा तर दोघी जुन्या मैत्रिणी वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, कार्यक्रमाच्या पत्रिकेत कुणाचं नाव आधी यावरून. पण त्याच वर्षी एकीच्या मुलाला डेंग्यू झाला तेव्हा प्लेटलेटसाठी रात्री दोन वाजता रक्तपेढीत दुसरी उभी होती. अबोला त्यानंतरही महिनाभर टिकला. मला भगिनीभाव म्हणजे हेच वाटतं, बहिणी काय रोज गोड बोलतात का?

राजकीय पक्ष, जात, धर्म?

पक्षाचा प्रचार बैठकीत होत नाही. सभासद म्हणून कुणाला काय मानायचं ते मोकळं आहे. जात विचारायची नाही, हे आमच्या घटनेत लिहिलेलं आहे.

घर, दुकान, मुलं... वेळ कुठून काढायचा?

महिन्याला एक बैठक आणि एखादं काम, साधारण सहा-सात तास. मुलं लहान असताना मी दोन वर्षं फक्त बैठकीला येत असे, काम घेत नसे. कुणी बोललं नाही. दर सभासदाच्या आयुष्यात अशी वर्षं येतात, ती धरूनच क्लब चालवायला हवा.

आमच्या गावात क्लब नाही.

मग काढा. सोसायटी नोंदणीला सात जणी लागतात. पण नोंदणीची घाई नको, आधी सहा महिने नुसत्या भेटा आणि एक काम पुरं करा. सात जणी सात कामांतल्या असतील असं बघा. वेगळ्या गल्लीतल्या, वेगळ्या घरांतल्या. एकाच भिशीतल्या सात मैत्रिणी घेतल्या तर ती भिशीच राहते. मोठ्या संघटनेशी जोडून घ्यायचं असेल तर जवळच्या शहरातल्या क्लबाला पत्र लिहा. नव्या क्लबाला हात देणं हे जुन्या क्लबांचं कामच असतं.

पहिल्या बैठकीला येताना काय आणू?

व्हिजिटिंग कार्ड असेल तर आणा, नसेल तर राहू द्या. कामात सध्या काय अडलंय ते एका वाक्यात सांगता येईल असं ठरवून या. आमची बैठक दुसऱ्या शनिवारी चारला, पायऱ्या चढून गेलं की डाव्या हाताची खोली. मूल लहान असेल तर घेऊन या, शेजारच्या खोलीत चटई आणि खडू असतात.